पडदेवालीचं ऊन

सगळ्या गावाचं ऊन अडवण्यात जिची हयात गेली, तीच बाई उन्हासाठी निवडणुकीला उभी राहिली म्हटल्यावर लोक हसले नसते तरच नवल. हसलेच. तेही पाठीमागे नाही, तोंडावर. पडदेवालीचा स्वभावच असा होता की तिच्यासमोर काही झाकून ठेवावं असं कुणाला वाटत नसे. घराघरातली झाकपाक करायला तीच तर येत होती.

गाव लहानसं. शहर म्हणावं तर एका दमात चालून संपणारं आणि खेडं म्हणावं तर पालिका असलेलं. त्यातल्या एका अरुंद, सरळसोट गल्लीत तिचं घर. पुढे शेजारी-शेजारी दोन खोल्या. एकीत दुकान: भिंतीला पाठ टेकून उभे राहिलेले कापडाचे तागे, दोन्ही हात पसरले तरी न पुरणारं कापायचं टेबल आणि खिडकीपाशी शिलाईचं मशीन. दुसरीत सासूबाई. मागे स्वयंपाकघर, वर माडी. आणि माडीवर माणसांपेक्षा उरलंसुरलं अस्तरच जास्त.

शिवायचं काम तिचं आणि दांड्या ठोकायचं नवऱ्याचं. ती पुढे गळ्यात मोजपट्टी अडकवून, तो मागे खांद्यावर शिडी घेऊन, अशी वरात निघाली की लोक ओळखायचे, कुणाच्या तरी घरी आज अंधार पडणार. "मी लोकांच्या भिंतींना भोकं पाडतो आणि ही त्यांच्या उजेडाची घडी घालते. दोघंही नुकसानच करतो, तरी लोक चहा पाजतात," असं तो सांगायचा. तोंडाळ माणूस, पण हाताला नेमका. त्याने बसवलेली दांडी भिंत पडली तरी पडायची नाही.

तिच्या कामाची एक रीत होती. पडदे हवेत म्हणून कुणी बोलावलं, की ती लगेच माप घेत नसे. खोलीत जाऊन आधी नुसती बसे. "तुम्ही तुमचं चालू द्या, मी खिडकी बघते," म्हणे, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून गप्प. घरातली बाई थोडा वेळ अवघडायची, मग विसरून जायची आणि भाजी चिरायला लागायची. खोलीतलं ऊन मात्र पडदेवालीला विसरत नसे. ते हळूच आत येई, जमिनीवर अंग टाकी, टेबलाचा पाय चाचपून बघी, भिंतीवरच्या फोटोच्या काचेत एकदा डोकावे. काही घरांत ऊन परक्यासारखं उंबऱ्यावरूनच मागे फिरे. काही घरांत जावयासारखं थेट पलंगावर पसरे आणि हलायचं नाव घेत नसे. बघता बघता तिला वाटे, आपण खोलीत नाही, पाण्याखाली बसलोय. वर कुठेतरी दिवस चाललाय, आणि त्याचा तळाशी पोचलेला तेवढाच भाग आपल्या पायांशी हलतोय. धुळीचे कण सावकाश वर जात. मग कुणीतरी "ताई, चहा घेणार ना?" म्हणे, आणि ती वर येई. त्यानंतरच मोजपट्टी निघे.

हे सगळं तिला शिकवलं सासूबाईंनी. धंदा मुळात त्यांचा. गावातल्या निम्म्या खिडक्यांना पहिला पडदा त्यांच्या हातचा. नवी सून घरात आली तेव्हा तिला त्यांनी टेबलापाशी उभं केलं आणि सांगितलं, "हे बघ सूनबाई, स्वयंपाकात मीठ कमी पडलं तर चालेल, पडद्याला कापड कमी पडायला नको. खिडकीच्या दुप्पट घ्यायचं. दुप्पट म्हणजे दुप्पट. नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि पडदा दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलासारखा दिसतो." हे वाक्य सुनेच्या हातात इतकं मुरलं होतं, की बाजारात रुमालाचं कापड घ्यायला गेली तरी ती दुप्पट मागायची.

पुढे सासूबाईंची नजर गेली. एकदम नाही, कापड धुऊन धुऊन विटावं तशी विटत गेली. आधी सुईचं नेढं गेलं, मग अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. शेवटी राहिला नुसता उजेड आणि नुसता अंधार. त्यांनी कात्री सुनेच्या हातात दिली, आणि गल्लीकडच्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या त्या बसल्याच.

त्या खोलीला एक खिडकी होती. गल्लीचं एक टोक मोकळ्या मैदानावर उघडत होतं, आणि दुपार कलली की त्या मैदानावरून ऊन सरळ गल्लीत शिरे आणि तिरकं तिरकं होत प्रत्येक घराच्या खिडकीत थोडं थोडं वाटलं जाई. सासूबाईंच्या वाट्याला येणारा तुकडा कपाटाच्या पायापाशी उतरे, सतरंजीवरून सरकत सरकत येई आणि त्यांच्या पावलांवर चढे. त्याच्यावर त्यांचं सगळं घड्याळ. "ऊन पायावर आलं गं, चहा ठेव." "ऊन गुडघ्यावर आलं, अजून कसा हा परतला नाही?" ऊन मांडीवर आलं की त्या त्यात हात ठेवत, तळवे वर करून, लोकर गुंडाळायला कुणीतरी लडी धरायला सांगावं तशा. चेहऱ्यावर ऊन यायची वेळ झाली की बोलायच्या बंद होत. त्या वेळी त्यांना काय दिसे, कोण जाणे. एकदा सुनेनं विचारलं तर म्हणाल्या, "तुला दिसत नाही ते."

गावभर पडदे लावणाऱ्या घरातल्या त्या एका खिडकीला पडदा नव्हता.

आणि नेमकं त्याच मैदानावर पालिका बाजाराची तीन मजली इमारत बांधणार, अशी बातमी आली. खाली गाड्या ठेवायला जागा, मधे दुकानं, वर माल साठवायच्या खोल्या. वाईट काहीच नव्हतं त्यात. गावाला बाजार हवाच होता. लोक भाजीसाठी पार पलीकडच्या टोकाला जात. फक्त नकाशा बघून नवरा घरी आला तेव्हा नेहमीसारखा बोलत नव्हता. त्याने शिडी भिंतीला लावली, स्वयंपाकघरात आला आणि हळू आवाजात म्हणाला, "अगं, ती इमारत अगदी गल्लीच्या तोंडावर येतेय. बाटलीला बूच बसावं तशी."

ती पीठ मळत होती. तिने एवढंच विचारलं, "आईंना कोण सांगणार?"

कुणीच सांगितलं नाही. सांगायचं नाही असं न बोलता ठरलं.

ती आधी पालिकेत गेली. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि नगरसेवकांकडे जायला सांगितलं. तिच्या भागाचे नगरसेवक म्हणजे गोदामवाले भाऊ. गावातलं एकमेव मोठं गोदाम त्यांचं. माणूस लाघवी, हसतमुख, वर्षानुवर्षं निवडून येणारा. त्यांच्या घरचे पडदेही तिचेच. भाऊंना दुपारी झोप लागे आणि झोपेला काळामिट्ट अंधार लागे. "ताई, असा पडदा शिवा की सूर्यालाही वाटलं पाहिजे, या घरात कुणी राहत नाही," असं त्यांनी सांगितलं होतं, आणि तिने तो शिवला होता. निळाशार, जाडजूड, दुहेरी अस्तराचा. त्या कापडाचा उरलेला तागा अजून तिच्या माडीवर पडून होता.

भाऊंनी तिचं म्हणणं ऐकलं, मान हलवली, आणि मग मनापासून हसले. "ताई, नळाला पाणी आलं नाही तर माझ्याकडे या. दिवा गेला तर या. पण ऊन? ऊन काय पालिकेच्या नळाला येतं?"

"नाही येत," ती म्हणाली. "म्हणून तर पालिकेनं ते बंदही करू नये."

"हे वाक्य निवडणुकीत बोला, टाळ्या पडतील," भाऊ म्हणाले. ते थट्टेत बोलले होते. पण पडदेवाली घरी येताना रस्त्याच्या कडेकडेनं चालली, आणि घर आलं तरी चालतच राहिली, गल्ली संपेपर्यंत. मैदानावर उभी राहिली. गवताच्या टोकांवर ऊन थांबलं होतं. तिला वाटलं, हे सगळं कापड आहे. कुणीतरी तागा उलगडून टाकलाय आणि कापायला अजून कुणी आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी उभी राहते."

"कशावर? शिडीवर?"

"निवडणुकीला."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मग तो म्हणाला, "शिडीच बरी होती. तिच्यावरून पडलं तर निदान मी खाली असतो." पण संध्याकाळी तोच अर्ज घेऊन आला.

निशाणी मिळाली शिट्टी. तिला कात्री हवी होती, पण ती यादीत नव्हती. सासूबाईंना कळल्यावर त्या पदराआड हसत राहिल्या. "आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही आणि निशाणी शिट्टी! अगं, मत कोण देईल? लोकांना वाटेल प्रेशर कुकर उभा राहिलाय."

"आई, तुम्ही मला मत द्याल ना?"

"आधी सांग, कशासाठी उभी राहतेयस?"

तिने उघड्या खिडकीकडे पाहिलं. "गल्लीच्या कामासाठी," म्हणाली.

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि पुढे काही विचारलं नाही.

प्रचार म्हणजे काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. ती घरोघर गेली, आणि घरात शिरली की सवयीनं कोपऱ्यातली खुर्ची धरून खिडकी बघत बसली. लोकांना वाटे, आता बोलेल, मग बोलेल. ती बोलत नसे. मग लोकच बोलू लागत. पाणी कमी येतं, मुलगा पत्र लिहीत नाही, गुडघा दुखतो. ऊन जमिनीवरून सरकत राही आणि तेवढ्यात एखादं घर आपलं सगळं सुखदुःख तिच्यासमोर पसरून मोकळं होई. शेवटी उठताना ती दारात म्हणे, "मैदानावरच्या इमारतीची उंची कमी करायला हवी. ऊन जाईल आपलं." लोक मान डोलावत, आणि म्हणत, "हो हो. आणि ताई, आलाच आहात तर या खिडकीचं मापही घेऊन जा."

"मतं किती मिळतील देव जाणे," नवरा घरी येऊन हिशेब सांगे, "पडदे मात्र भरपूर शिवायचे आहेत. हरलो तरी उपाशी मरणार नाही."

शेजारचे पेन्शनर काका ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. ते तर रोज टोमणा मारत. "पडदेवाली, तू निवडून आलीस की ढगांवर कर बसव बरं का!" तिला राग येत नसे. तिला एकच गोष्ट छळत होती. लोक तिचं ऐकत होते, तिच्यावर माया करत होते, पण ती काय म्हणतेय ते कुणाला दिसत नव्हतं. पोटभर जेवलेल्या माणसाला भूक समजावून सांगावी तसं चाललं होतं. रोज घरात येणारं ऊन, ते जाईल म्हणजे नेमकं काय होईल, हे डोळे मिटूनही कुणाला कल्पनेत आणता येत नव्हतं. आणि सासूबाई रोज हात उबेत ठेवून बसत होत्या, आणि तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग फलकाची गोष्ट झाली.

भाऊंचे छापील फलक गावभर लागले होते. नवरा म्हणाला, "आपणही लावू एखादा. कापड घरचं, शिलाई घरची." गल्लीच्या तोंडाशी दोन घरं समोरासमोर होती, एक औषधवाल्याचं, एक रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं. त्यांच्या माड्यांवरून आडवा फलक टांगायचा ठरला. नवरा माप घेऊन आला, तिने माडीवरचा तो निळा तागा काढला, दुसरं एवढं मोठं कापड घरात नव्हतंच. टेबलावर पसरला आणि कात्री चालवली. हात आपोआप चालत होते. मन कुठल्या कुठल्या घरांच्या खोल्यांतून फिरत होतं. कुणाची पिवळी भिंत, कुणाच्या माठावर बसलेलं ऊन, कुणाची झोपलेली मांजर. तिने पांढऱ्या कापडाची अक्षरं कापून वर टाचली, शिट्टी शिवली, अस्तर जोडलं, वर पट्टी घातली.

सकाळी नवऱ्याने तो फलक वर चढवला. त्याचेही हात सवयीचे गुलाम. त्याने दोन माड्यांमध्ये चांगला लांब पाईप बसवला, कड्या अडकवल्या आणि एका बाजूला दोरीही सोडली. टांगून झाल्यावर दोघं खाली उभं राहून वर बघत राहिली.

फलक नव्हताच तो. पडदा होता. तिने गल्लीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घेतलं होतं आणि लांबी माडीपासून जवळजवळ जमिनीपर्यंत. त्याला दाट, देखण्या चुण्या पडल्या होत्या. अक्षरं चुण्यांत जाऊन बसली होती. तेवढी एक शिट्टी बाहेर राहिली होती.

"चुणी मात्र सुंदर पडलीय," नवरा म्हणाला.

"अहो, काढा तो आधी."

"राहू दे गं. दोन्ही कडांनी माणूस जातोय की. संध्याकाळी काढतो. आत्ता एका घरी दांड्या बसवायला बोलावलंय." आणि तो शिडी घेऊन गेला. सकाळचं ऊन गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून येत होतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. उलट येणारेजाणारे कौतुक करत होते. औषधवाला तर म्हणाला, गल्लीला दार आल्यासारखं वाटतंय.

दुपारी ती मशीनवर बसली होती. पडद्याची खालची पट्टी दुमडत होती. मधेच टीप दिसेनाशी झाली. तिला वाटलं, ढग आला असेल. थांबली. ढग जाईना. कापडाचा रंग हातातल्या हातात बदलला होता. तागे भिंतीला उभे होते ते एकमेकांत मिसळून गेले होते. खोली तिचीच, पण कुणीतरी ती आठवतंय आणि नीट आठवत नाहीये, अशी दिसत होती.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून हाक आली. "सूनबाई."

ती गेली. सासूबाई खुर्चीत नेहमीसारख्या बसल्या होत्या. चपला काढलेल्या. उजवं पाऊल पुढे केलेलं, आणि ते सतरंजीवर हळूहळू फिरत होतं. आंघोळीचं पाणी किती गरम आहे ते अंगठ्यानं बघावं तसं. कपाटाच्या बाजूला गेलं, परत आलं, खिडकीच्या बाजूला गेलं.

"झाली वाटतं इमारत," सासूबाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "मला वाटत होतं, अजून अवकाश आहे."

"आई... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला दिसत नाही गं, ऐकू येतं. तुम्ही नवरा-बायको स्वयंपाकघरात कुजबुजता, ते भांड्यांनाही पाठ झालंय." त्यांनी पाऊल मागे घेतलं आणि पदर गुडघ्यावर ओढला. "असू दे. दिवा लावायचा तर लाव. मला काही फरक पडत नाही म्हणा त्या दिव्यानं."

ती बाहेर धावली. अनवाणी.

गल्लीत सगळे दारांत येऊन उभे होते. कुणाच्या हातात अर्धवट निवडलेले तांदूळ, कुणाच्या कडेवर झोपमोड झालेलं मूल. पेन्शनर काका वर्तमानपत्र डोळ्यांना लावून मग लांब धरून बघत होते. दोरीवरचे कपडे एकदम शिळे दिसत होते. गल्लीच्या टोकाशी तो निळा पडदा वाऱ्यानं श्वास घेतल्यासारखा किंचित फुगत होता, बसत होता, आणि त्याच्यामागे कुठेतरी ऊन अडलेलं होतं. कडांवर त्याची सोनेरी रेघ तेवढी दिसत होती.

"ताई!" औषधवाला ओरडला. "लोक निवडून आल्यावर अंधार करतात, तुम्ही आधीच केलात!"

हशा पिकला. पण हशा लवकर विरला, हे तिच्या लक्षात आलं. रेडिओवाल्याची बायको हात एकमेकांवर चोळत म्हणाली, "खरंच गं बाई, गारठाच वाटायला लागला." कुणीतरी विचारलं, "किती वाजले असतील?" आणि कुणालाच नीट सांगता येईना.

पडदेवाली पडद्यापाशी पोचली. पाईपच्या कडेला नवऱ्यानं सवयीनं सोडलेली दोरी लोंबत होती. तिने ती धरली आणि ओढली.

कड्या खळखळल्या. पडदा एका बाजूला गोळा होत गेला, आणि ऊन आत आलं. नुसतं आलं नाही, गल्लीभर धावत गेलं. पहिल्या दाराची कडी, दुसऱ्या ओट्यावरची बादली, तिसऱ्या खिडकीतली काच, काकांचा चष्मा, एकामागून एक पेटत गेलं. शेवटच्या घरापर्यंत. माणसांनी डोळ्यांवर हात धरले. कडेवरचं मूल खदखदून हसलं. सगळी गल्ली एखाद्या मोठ्या खोलीसारखी झाली होती, आणि सगळे जण, पहिल्यांदाच, नुसते खिडकी बघत होते.

तिने दोरी हातात धरून ठेवली होती. भाषण करायची हीच वेळ होती, पण तिला फक्त एवढं सुचलं, "इमारतीला दोरी नसते हो." आणि ती घाईघाईनं घरी गेली, सासूबाईंच्या पायांवर ऊन पोचलं का ते बघायला.

पोचलं होतं. सासूबाईंनी तोंड खिडकीकडे केलं होतं. "हे काय?" त्या म्हणाल्या. "पाडली का?"

"आई, ती इमारत नव्हती. माझा फलक होता. मी कापड दुप्पट घेतलं."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि ती घाबरून जवळ गेली तर त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "शिकवलेलं वाया गेलं नाही म्हणायचं," त्या म्हणाल्या.

निवडणूक ती हरली. थोडक्यात हरली, पण हरली. गल्ली सगळी तिच्या मागे उभी राहिली. पेन्शनर काका तर सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी मत देऊन आले आणि दिवसभर बोट दाखवत फिरले. पण प्रभाग गल्लीपेक्षा मोठा होता, आणि पलीकडच्या रस्त्यांवर ऊन दुसऱ्याच वाटेनं येत होतं. त्यांना बाजार हवा होता. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

निकालानंतर एका दुपारी गोदामवाले भाऊ घरी आले. जिंकल्यावर हरलेल्याच्या घरी जायचं, ही त्यांची पद्धत होती. मिठाईचा पुडा होता हातात आणि चेहऱ्यावर थोडा संकोच. दुकानात कापड पसरलेलं, बसायला जागा नाही. आतून सासूबाईंनी आवाज दिला, "कोण, गोदामवाला का? इकडे ये. त्या खुर्चीत बस, माझ्या. मी पलंगावर बसते."

"नको आजी, मी उभाच—"

"उभं निवडणुकीला राहतात. घरात बसतात."

भाऊ बसले. ऊन नुकतंच सतरंजीवर उतरलं होतं. सासूबाई भाऊंच्या आईच्या पडद्यांची गोष्ट सांगू लागल्या, हिरव्या, फुलाफुलांच्या, ज्यांच्या मागे भाऊ लहानपणी लपत. पडदेवालीने चहा ठेवला. ऊन भाऊंच्या पावलांवर चढलं, गुडघ्यांवर आलं. गोष्ट हळू चालली होती, जुन्या मशीनसारखी, एकेक टीप. चहा घेऊन ती दारात आली तेव्हा सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

भाऊ झोपले होते. मान एका बाजूला, हात मांडीवर उघडे, आणि तळव्यांत ऊन. ज्यांना झोपायला सूर्य घराबाहेर काढावा लागे, ते पडदा नसलेल्या खिडकीसमोर, भर उन्हात, तान्ह्या मुलासारखे झोपले होते. चेहरा असा मोकळा झाला होता की तिला तो ओळखीचा वाटेना. ती चहा तसाच हातात धरून उभी राहिली. खोलीत धूळ सावकाश वर जात होती. कुणीच कुठे निघालेलं नव्हतं.

ऊन डोळ्यांवर आल्यावर ते जागे झाले. आपण कुठे आहोत हे त्यांना चटकन कळलं नाही. "आई?" असं काहीतरी पुटपुटले, मग दचकून सरळ बसले. "मी... उन्हात झोपलो?"

"घोरलासही," सासूबाई म्हणाल्या.

भाऊंनी तळवे उलटसुलट करून पाहिले. पडदेवालीने चहा पुढे केला. गार झालेला. आणि प्रचारातही कुणाच्या दारात मत न मागितलेली ती बाई म्हणाली, "भाऊ, इतकी वर्षं मी तुमच्यासाठी ऊन अडवलं. आता तुम्ही माझ्यासाठी एक मजला अडवा. बाजार बांधा. माल साठवायचा मजला गल्लीच्या बाजूनं तेवढा मागे घ्या. बाकी काही मागत नाही."

भाऊंनी चहाचा घोट घेतला. गार चहाबद्दल काही बोलले नाहीत. खिडकीकडे बघत कप रिकामा केला. मग म्हणाले, "नकाशा परत काढावा लागेल. लोक मला वेडा म्हणतील."

"म्हणू दे," सासूबाई म्हणाल्या. "हिला म्हणून झालंय त्यांचं, तुझा नंबर आला."

दारात बूट चढवताना भाऊंनी विचारलं, "ताई, पुढच्या वेळी उभ्या राहणार?"

तिच्याऐवजी आतूनच उत्तर आलं. "राहील! फक्त ती शिट्टी बदला."

बाजार झाला. गल्लीच्या बाजूला वरचा मजला पायरीसारखा मागे सरकलेला आहे. नवीन आलेले लोक विचारतात, असं का बांधलंय. निळ्या पडद्याचं कापड वाया गेलं नाही. त्याचं तिने छत शिवलं, आणि त्याची सावली आता भाजीवाल्यांच्या गाळ्यांवर पडते, तिथे ती हवीच असते.

इमारत पुरी झाली त्या दिवशी पडदेवाली कामं टाकून सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसली. सवयीनं, कोपऱ्यातल्या स्टुलावर, हात मांडीवर ठेवून. ऊन कपाटापाशी उतरलं, सतरंजीवरून आलं, पावलांवर चढलं. गुडघ्यांवर आलं. मांडीवर सासूबाईंनी त्याला हातात घेतलं. मग ते छातीपर्यंत आलं, हनुवटीशी जरा थांबलं, आणि निघून गेलं. पूर्वी कपाळापर्यंत जायचं.

सासूबाईंनी हनुवटीवरून हात फिरवला.

"थोडं तोकडं झालंय गं," त्या म्हणाल्या.

"शिवणीत जातंच थोडं, आई."

"हं. जातं." त्या टेकून बसल्या आणि खुर्ची चाचपत म्हणाल्या, "उद्या ही जरा खिडकीकडे सरकव."